अजानचा आवाज नेमका किती?
दोन मोबाईल, दोन आकडे आणि आमच्या मुअज्जिन चाचांची गोष्ट

पंढरपुरात राहणाऱ्याला आवाजाची सवय असते. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या. त्यातही आषाढीला लाखो माणसे चंद्रभागेच्या काठी येतात. टाळ-मृदंग, दिंड्यांचे भजन, फेरीवाल्यांच्या हाका आणि हरवलेल्या माणसांसाठी दिवसभर चाललेल्या सूचना. या सगळ्यांत आमची छोटी मस्जिद बाजाराच्या बोळात उभी आहे. आमची अजानही या गावाच्या आवाजांतलाच एक आवाज आहे.

गेल्या वर्षी वारीच्या महिनाभर आधी शेजारच्या काकू असरच्या नमाजनंतर मस्जिदच्या पायरीपाशी आल्या. वारीत त्यांच्या घरी वारकरी उतरतात. आमच्या घरचे आणि त्यांचे तीन पिढ्यांचे येणे-जाणे. म्हणाल्या, "तक्रार करायला नाही आले हो भाऊ. पण नातू दोन महिन्यांचा आहे. भोंगा सुरू झाला की अंगभर दचकतो. पूर्वी एवढा मोठा नव्हता आवाज. की मलाच वाटतंय?"

"की मलाच वाटतंय?" हा काकूंचा प्रश्न माझ्या मनात राहिला. आवाज खरोखर वाढला आहे की नाही, हे सांगणार कोण?

त्या रात्री इशानंतर कमिटीची बैठक बसली. दोघा तरुणांनी आधीच काकूंच्या भिंतीजवळ उभे राहून मगरिबची अजान मोबाईलवरच्या ॲपने मोजली होती. एकाच्या फोनवर आकडा आला ६८ डेसिबल, दुसऱ्याच्या फोनवर ७९. जागा एक, वेळ एक, अजान एकच. ज्यांना काही बदलायचे नव्हते त्यांनी ६८ धरला, ज्यांना आवाज कमी करायचा होता त्यांनी ७९. तासभर वाद झाला. शेवटी कुणीतरी म्हणाले, "मशीन चाचांच्या हातून काढून घ्या, म्हणजे प्रश्नच मिटेल." चाचा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला ते पाहवले नाही. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आवाजाचा आकडा होतो कसा?

माझा भाचा संगणक शिकतो. रविवारी लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "मामू, आधी हे बघा की फोन आवाज ऐकतो म्हणजे काय करतो."

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी थरथर. माइक त्या थरथरीची वीज करतो आणि फोन त्या विजेची एका सेकंदात साधारण ४८,००० वेळा मोजणी करतो. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. सोळा बिटांच्या ध्वनिमुद्रणात हा आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामध्येच असू शकतो. संगणकाच्या दृष्टीने अजान म्हणजे अशा आकड्यांची लांबच लांब रांग.

मग या रांगेतून "आवाज किती" हे कसे काढायचे? सर्वांत मोठा आकडा घ्यावा, असे आपल्याला वाटते. त्याला शिखर म्हणतात. पण शिखर फसवते. चाचा माइकवर बोटाने टकटक करतात ना, ती एक टकटक शिखर गाठते. अजान मात्र त्याच्या किती तरी खाली असते.

मग सरासरी घ्यावी? तीही जमत नाही. थरथर दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने अधिक आणि उणे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. समजा चार आकडे आहेत: ३, उणे ३, ४, उणे ४. त्यांची सरासरी शून्य! म्हणून आधी प्रत्येकाचा वर्ग करायचा: ९, ९, १६, १६. त्यांची सरासरी साडेबारा आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३.५४. हे झाले आवाजाच्या जोराचे खरे माप. शाळेत शिकलेले वर्गमूळ मस्जिदच्या भोंग्यात कामाला येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

हा आकडा पुढे डेसिबलमध्ये बदलतात, कारण आपला कान बेरजेने नव्हे तर पटीने ऐकतो. ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट झाली की १०. एवढी दहापट ऊर्जा ओतली तेव्हा कुठे आपल्याला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून "फक्त दहा डेसिबल तर वाढले" हे वाक्य वाटते तेवढे निरुपद्रवी नाही.

कानाचे माप वेगळे

एवढे करूनही काम संपत नाही. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून दाखवून दिले की जाड, खोल सूर कानाला कमी जाणवतात आणि मधले सूर जास्त. त्यामुळे मोजणीत कानाप्रमाणे वजन द्यावे लागते. सरकारी नियमांत डेसिबलपुढे कंसात "ए" लिहिलेले असते, ते हेच वजन. त्यात १०० हर्ट्झचा खोल सूर सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो. मिरवणुकीतल्या डीजेची धडधड छातीत जाणवते, तरी यंत्रावर आकडा तेवढा चढत नाही, त्याचे एक कारण हे.

रेडिओ, दूरदर्शन आणि इंटरनेटवरच्या ध्वनीसाठी याहून नेमके माप तयार झाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये त्याची पद्धत ठरवली आणि २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघटनेने तिच्या आधारे उणे २३ ही पातळी नक्की केली. या मापाला "लफ्स" म्हणतात. संगणकातला सर्वांत मोठा शक्य आवाज शून्य धरायचा आणि बाकी सगळे त्याच्या खाली, उणे आकड्यांत मोजायचे. शून्य म्हणजे छत. आकडा छताला लागला की लाटेचे डोके कापले जाते आणि आवाज फाटतो.

या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडली. अजानमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये शांतता असते. निम्मा वेळ शांतता असेल तर साधी सरासरी ३ डेसिबलने खाली येते आणि आवाज आहे त्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून ही पद्धत आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे करते आणि अगदी शांत तुकडे बाजूला काढते. मग उरलेल्यांची सरासरी घेऊन, तिच्यापेक्षा १० हून अधिक खाली असलेले तुकडेही वगळते. म्हणजे विरामाची गणना न करता बोलण्याचीच गणना होते. भाच्याने वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून हे माझ्यासमोर करून दाखवले. स्वतः लिहायचे नसेल तर ऑडॅसिटी किंवा एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार आहे.

मग दोन फोन भांडले का?

खरी गोम इथे आहे. संगणकातला आकडा हा संगणकातल्या आवाजाचा आकडा असतो, हवेतल्या नव्हे. उणे २० हा आकडा बघून बाहेर बोळात किती आवाज आहे हे सांगता येत नाही. तोच उणे २० एका फोनमध्ये कुजबुजीने येईल, दुसऱ्यात ओरडण्याने. माइक किती संवेदनशील आहे यावर ते ठरते. हवेतला आवाज सांगायचा तर आधी फोनला एखादा माहीत असलेला आवाज ऐकवून "हा इतका" असे शिकवावे लागते. तराजूला आधी प्रमाणित वजन लावून बघतात तसे. यासाठी माइकच्या तोंडावर बसणारे एक छोटे यंत्र मिळते. ते १००० हर्ट्झचा, नेमका ९४ डेसिबलचा सूर देते.

ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी त्यांच्याकडचे आवाज मोजायचे प्रमाणित यंत्र आणून दिले. आम्ही ते दोन्ही फोनच्या शेजारी ठेवले आणि काकूंच्या भिंतीपाशी उभे राहिलो. काकूंनी आम्हाला चहा पाजला आणि "परीक्षा कुणाची चालली आहे?" असे विचारून हसल्या.

अजानच्या वेळी यंत्राने ८१ डेसिबल दाखवले. दुसरा फोन ७९ म्हणत होता. शांत बोळातही तो यंत्रापेक्षा दोननेच कमी होता. म्हणजे त्याची चूक ठरावीक होती. दोन मिळवले की काम झाले. पहिल्या फोनची गोष्ट वेगळी. शांत बोळात तो चारने कमी आणि अजानच्या वेळी तेराने कमी! फोन बोलण्यासाठी बनवलेले असतात. आवाज मोठा झाला की काही फोन तो आपोआप दाबतात, मागचा गलका कमी करतात. बोलताना ही सोय चांगली, मोजताना घातक. ज्या फोनचा फरकच आवाजाबरोबर बदलतो, त्यात काहीही मिळवून उपयोग नाही.

अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये आवाज मोजणारे मोफत ॲप काढले, तेही फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइड फोन अनेक कंपन्यांचे, प्रत्येकाचा माइक निराळा. सगळ्यांसाठी एकच हमी देता येत नाही. तेव्हा ॲपवरचा आकडा हा अंदाज समजावा. त्यावरून भाऊबंदकी करू नये.

नियम काय म्हणतात?

ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, बाकी रात्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको आणि कोणत्याही परिस्थितीत ७५ च्या वर नको. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५, व्यापारी भागात ७५. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी ठामपणे सांगितली. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले आणि भोंग्यांमध्येच आवाजाची मर्यादा बसवण्याची व्यवस्था करण्यास सरकारला सांगितले.

नियम मंदिर, मस्जिद, मिरवणूक, लग्न सगळ्यांना सारखे आहेत. बोट फक्त आपल्याकडे दाखवले जाते, अशी खंत आपल्यात अनेकांना वाटते. ती खंत खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण आपले माप आपल्या हातात असले की दुसऱ्याच्या आकड्यावर अवलंबून राहावे लागत नाही. आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार आधी सांगून ठेवला आहे. सूरह लुकमानमध्ये चालण्या-बोलण्यात मध्यम राहण्याची आणि आवाज खाली ठेवण्याची शिकवण आहे, ती लाऊडस्पीकर जन्मण्याच्या कित्येक शतके आधीची.

आमची मस्जिद बाजारात असल्याने मर्यादा ७५. आमचा आवाज ८१. काकूंना उगाच वाटत नव्हते.

चाचा कळ का फिरवत होते?

यंत्र परत करण्याआधी मी चाचांकडे गेलो. त्यांना स्पष्टच विचारले, "चाचा, कळ कोण वाढवतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, मेरे को कम सुनाई देता अब. लगता, आवाज निकलीच नहीं बाहर. लोग नमाज को नहीं आए तो गुनाह मेरे सर."

चाचा तरुणपणी सोलापुरात यंत्रमागावर होते. वीस वर्षे. यंत्रमागाच्या शेडमधला खडखडाट ९० डेसिबलच्या वर सहज जातो. निओशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. चाचांच्या काळात कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालत नसे. अशा गोंगाटाने आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. माणसाला वाटते, समोरचा पुटपुटतो आहे. सोलापूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या किती घरांत असे अब्बा, चाचा, दादा असतील!

म्हणजे चाचा हट्टी नव्हते, बेफिकीर नव्हते. त्यांना त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता, म्हणून ते कळ वाढवत गेले. आणि आम्ही भर बैठकीत त्यांच्या हातून मशीन काढून घ्यायला निघालो होतो.

आम्ही काय केले

पहिले काम भोंग्यांचे. तीनपैकी एक थेट काकूंच्या माडीकडे तोंड करून होता. तो वळवला.

दुसरे, फाटलेला आवाज. लॅपटॉपवर अजानची लाट पाहिली तर तिची डोकी सपाट कापलेली दिसली. माइकची पातळी इतकी वाढवली होती की आवाज छताला धडकत होता. फाटलेला आवाज कानाला जास्त टोचतो आणि शब्दही कळत नाहीत. माइकची पातळी खाली आणली, तेव्हा आवाज कमी होऊनही शब्द स्वच्छ झाले.

तिसरे काम मोजणीचे. माइकचा आवाज एका जुन्या संगणकातही जाईल अशी जोडणी केली. पडद्यावर भाच्याच्या प्रोग्रॅमची उभी पट्टी: खाली निळा, मध्ये हिरवा, वर लाल. मग यंत्र काकूंच्या भिंतीपाशी धरून अॅम्प्लिफायरची कळ अशा जागी आणली की पडद्यावर उणे २० असताना बाहेर ७३ यावेत. त्या जागी कळीवर चिकटपट्टी लावली. आता संगणकातला आकडा आणि हवेतला आवाज यांचे नाते जुळले. हे नाते कळ, माइक आणि भोंगे जागचे हलत नाहीत तोवरच खरे असते. काहीही बदलले की पुन्हा मोजायचे.

८१ वरून ७३. ८ डेसिबल म्हणजे भिंतीपाशी पोहोचणारी ऊर्जा जवळपास सहाव्या हिश्शावर आली. नमाजींच्या संख्येत काही फरक पडला नाही.

मशीन चाचांकडेच राहिली. फक्त आता ते अजान देताना समोरच्या पट्टीकडे बघतात. हिरव्यात राहिले की आवाज पोहोचला, हे त्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी अजान संपल्यावर ते पट्टीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ये मेरी आवाज है?"

फजरची अजान सकाळी ६ च्या आधी येते, म्हणून ती बिना-माइकची होते. २०२५ मध्ये मुंबईत माहीमच्या जुमा मस्जिदसह काही मस्जिदींनी अजान थेट फोनवर ऐकवणारे ॲप स्वीकारले. आमच्याकडे अजून तसे नाही, घराघरांत फोनचे गजर वाजतात. पण अंधाऱ्या बोळात चाचांचा उघडा आवाज ऐकला की हजरत बिलाल (रजि.) यांच्याकडेही आवाजाशिवाय दुसरे काही नव्हते, हे आठवते.

घरासाठी थोडेसे

दर्स किंवा बयान मोबाईलवर रेकॉर्ड करून गटांत पाठवणाऱ्या भगिनींसाठी: शिखर बघून आवाज वाढवू नका. ऑडॅसिटीत ध्वनिपातळी समान करण्याची सोय वापरून उणे १६ लफ्सच्या आसपास ठेवा आणि शिखर उणे १ च्या खाली. मग एक बयान कुजबुजते आणि दुसरे किंचाळते, असे होणार नाही.

मुलांच्या कानातल्या इअरफोनकडेही लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि लहानांनी ७५ डेसिबलवर ४० तास ही हद्द समजावी. अनेक फोनमध्ये कमाल आवाजाला कुलूप घालण्याची सोय असते. ती आजच लावा.

आणि घरातले वडीलधारे टीव्हीचा आवाज वाढवत असतील तर रागावण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. चाचांची तपासणी आम्ही केली. आता त्यांच्या कानात यंत्र आहे. सुरुवातीचे दोन आठवडे ते सारखे काढून ठेवत होते, भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून. आता सवय झाली आहे.

२०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मुस्लीम बांधवांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. कुणाच्या सक्तीने नव्हे, शेजार राखायचा म्हणून. आवाजाचेही तसेच आहे.

मस्जिदच्या कपाटात आता एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी काकूंच्या भिंतीपाशी मोजून तारीख आणि आकडा लिहितो. मागच्या महिन्याची नोंद ७२ आहे. त्यापुढे चाचांची सही आणि त्याखाली, त्यांच्याच आग्रहाने, काकूंची.